‘रस्त्यावर कोणीही नव्हते’ : एकट्या स्वाराच्या प्रवासवर्णनाविषयी

आपल्या मंडळाच्या मागील बैठकीत एका तरुण सभासदाने स्वतःचे प्रवासवर्णन वाचून दाखविले. कारवारहून कद्रामार्गे अणशी घाट चढून, कुंभारवाडा, जोयडा, गणेशगुडी असे करीत तो एकटाच मोटारसायकलने दांडेलीस आला होता. लेखन नेटके होते, भाषा स्वच्छ होती आणि वाचनही खणखणीत होते. श्रोत्यांनी टाळ्या दिल्या, आम्हीही दिल्या. परंतु त्यातील एक वाक्य घरी परतल्यावरही आमच्या मनातून जाईना. अणशी ते कुंभारवाडा या टप्प्याविषयी त्याने लिहिले होते, ‘रस्त्यावर कोणीही नव्हते.’

वाक्य साधे आहे आणि शब्दशः घेतले तर खरेही असेल. जोयडा हा विस्ताराने आपल्या जिल्ह्यातील सर्वांत मोठा तालुका, आणि २०११च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या मात्र पन्नास हजारांच्या आसपास. वस्ती विरळ, अरण्य दाट. सकाळच्या प्रहरी पाच-दहा किलोमीटरांत माणूस दिसला नाही, यात नवल नाही. तरीही आमच्यासारख्या, चार पिढ्या या मुलखात काढलेल्या कुटुंबांतील वाचकाला हे वाक्य टोचते. ते का टोचते, याचा शोध घेताना आम्हांस एकूणच या नव्या लेखनप्रकाराविषयी काही विचार सुचले. ते सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एकट्याने मोटारसायकलवर डोंगरवाटा धुंडाळाव्यात आणि परत येऊन त्याविषयी लिहावे, ही रीत आता मराठीत चांगलीच रुळली आहे. नियतकालिकांत, दिवाळी अंकांत, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत असे लेख आम्ही आवर्जून वाचतो. लडाखचे वाचतो, तसेच अनमोड व अणशी घाटांचेही वाचतो. त्यांचा साचा एव्हाना ठरून गेला आहे. आरंभी शहराचा कंटाळा, मग पहाटेचे निघणे, मग ‘नागमोडी’ रस्ता, धुके, एखादा धबधबा, टपरीवरचा चहा आणि अखेरीस ‘स्वतःला भेटल्याचा’ आनंद. या साच्याची थट्टा करणे सोपे आहे. आम्हांस ती करावयाची नाही. हौस प्रामाणिक असते, कष्ट खरे असतात आणि एकट्याने घाट चढताना शरीराला व मनाला जो ताजेपणा येतो तोही खोटा नसतो. आम्ही स्वतः नोकरीच्या काळात याच रस्त्यांवर अनेक वर्षे दुचाकीने फिरलो आहोत. बसच्या खिडकीतून दिसणारा घाट आणि दुचाकीवरून अंगावर येणारा घाट यांत किती अंतर असते, हे आम्हांस ठाऊक आहे. कद्र्याची उकाड्याची हवा मागे पडून अणशीच्या वरच्या अंगाला गारवा कोणत्या वळणावर सुरू होतो, हे बसमधल्या उतारूला कळत नाही. दुचाकीस्वाराच्या गुडघ्यांना ते कळते.

रॉबर्ट पिर्सिग या अमेरिकन लेखकाने हा फरक फार नेमका ओळखला. १९६८ साली आपल्या लहान मुलाला मागे बसवून त्याने मिनेसोटाहून कॅलिफोर्नियापर्यंत मोटारसायकलने केलेला प्रवास हा त्याच्या १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेन्टेनन्स’ या ग्रंथाचा सांगाडा आहे. मोटारीच्या काचेतून जग चौकटीत बसविल्यासारखे दिसते, दुचाकीवर मात्र ती चौकट गळून पडते, अशा आशयाचे त्याचे निरीक्षण पुढे या प्रकारच्या सर्व लेखनाचे जणू ब्रीद बनले. परंतु त्या ग्रंथाचे खरे अनुभवद्रव्य वाटेवरचा प्रदेश नव्हे. लेखकाचे विस्कटलेले मन, बापलेकांतील दुरावा आणि यंत्राची निगा राखण्यातून सुचलेले तत्त्वचिंतन हा त्याचा आशय आहे. रस्ता हे तेथे निमित्त आहे. पिर्सिगला ते शोभते, कारण आत उतरल्यावर त्याच्या हाती सांगण्याजोगे काही लागते. त्याचे अनुकरण करणारे बहुतेक जण बाहेरचे पाहणे सोडून देतात आणि आतही विशेष काही सापडत नाही. मग उरते ते एक विशेषण, ‘नागमोडी’.

या विशेषणापाशी थोडे थांबावयास हवे. घाटातला रस्ता नागमोडी का असतो? तो कोणाच्या मौजेसाठी वळविलेला नसतो. चढ सरळ घेतला तर भरलेली बैलगाडी मागे ओढली जाते. म्हणून चढाची लांबी वाढवून त्याची तीव्रता कमी करावी लागते, आणि लांबी वाढवायची म्हणजे वळणे घ्यावयाची. प्रत्येक वळण हा बैलाच्या दमाचा हिशेब असतो. आपल्या जिल्ह्यातील घाटरस्त्यांमागे तर इतिहासाचा एक मोठा धागा आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालू असताना तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि धारवाडकडच्या कापसाला भाव आला. तो कापूस घाट उतरवून कारवार बंदरात आणता यावा, हा हेतू धरून १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडण्यात आला. आपल्यापैकी कित्येक घराण्यांचे पूर्वज कचेरीतले कारकून, शाळामास्तर, लाकडाचे मक्तेदार म्हणून या भागात स्थिरावले, त्यामागेही हाच प्रशासकीय बदल होता. १९५६ साली भाषावार राज्यरचना होईपर्यंत आपण मुंबईकडेच पाहत होतो. म्हणजे ज्या वळणावर आजचा स्वार गाडी कलवितो, त्या वळणाचा आणि आपल्या येथे असण्याचा संबंध आहे. ‘नागमोडी’ हा एक शब्द टाकला की हे सारे झाकले जाते. विशेषण चुकीचे नाही, ते आळशी आहे.

आता ‘एकटा’ या शब्दाकडे वळू. मराठी प्रवासलेखनाला एकटेपणा नवा नाही. गोपाळ नीलकंठ दांडेकरांचे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ हे नर्मदा-परिक्रमेवरचे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी तरुणपणी वाचले असेल. त्यातला परिक्रमावासी एकटाच निघतो. लेखकाने स्वतःला ‘मी’ न म्हणता ‘कुणा एक’ म्हटले आहे, ही गोष्ट केवळ शैलीची नाही. त्याने आपले नाव बाजूला ठेवले आणि वाटेवर भेटलेल्या माणसांना जागा करून दिली. परिक्रमेच्या रीतीतच हे बसलेले आहे. परिक्रमावासी पायी चालतो, सदावर्तावर व भिक्षेवर जगतो. संध्याकाळी कोणीतरी दार उघडल्यावाचून त्याची रात्र जात नाही. तो एकटा असतो, पण स्वयंपूर्ण नसतो. त्याच्या एकटेपणात पदोपदी माणसांची गरज असते, आणि म्हणून त्याच्या कथनात पदोपदी माणसे येतात.

त्याही मागे जाऊन विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ पाहावा. पेणजवळच्या वरसई गावचा हा याज्ञिक ब्राह्मण १८५७ साली दक्षिणेच्या आशेने काकांसह उत्तरेस निघाला आणि बंडाच्या ऐन वणव्यात सापडला. झाशीच्या वेढ्यात तो शहरात होता. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेला हा वृत्तांत आज आपण वाचतो, तो निसर्गवर्णनासाठी नव्हे. कोणी जेवू घातले, कोणी लुटले, कोणी किती दक्षिणा दिली, याची इतकी बारीक नोंद त्यात आहे की त्या काळची माणसे आपल्याला दिसू लागतात. भटजींना साहित्य निर्माण करावयाचे नव्हते. त्यांना कोणाचे किती देणे लागतो एवढे लक्षात होते. प्रवासवर्णनाचा कस या एका निकषावर लावता येईल असे आमचे मत बनले आहे : वाटेवर ज्यांचे आपण देणे लागलो, ती माणसे लेखनात आहेत काय?

या निकषावर मोटारसायकलच्या प्रवासवर्णनांपैकी दोन फार उंच उतरतात. पहिले अर्नेस्टो ‘चे’ गेव्हाराचे. १९५२ साली तो आणि त्याचा मित्र आल्बेर्तो ग्रानादो एका जुन्या नॉर्टन मोटारसायकलवरून अर्जेंटिनातून निघाले. ही गाडी वाटेत पुन्हापुन्हा मोडली आणि चिलीत तिने कायमचा दम सोडला. पुढचा प्रवास पायी, मालमोटारींवर व बोटींतून झाला. वाचकाने हे मुद्दाम पाहावे की त्या दैनंदिनीतले सर्वांत हेलावणारे भाग गाडी मेल्यानंतरचे आहेत. थंडीत कुडकुडणारे खाणकामगार दांपत्य, चुकिकामाताची तांब्याची खाण, पेरूतील कुष्ठरोग्यांची वसाहत, हे सारे गाडी बंद पडल्यावर भेटले. मोटारसायकलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पुस्तकाचा प्राण मोटारसायकल नसण्यात आहे.

दुसरे टेड सायमनचे. १९७३ साली हा इंग्रज पत्रकार पाचशे सीसीच्या ट्रायंफवरून एकटा निघाला आणि चार वर्षांत पंचेचाळीस देश हिंडला. आपल्या देशातूनही तो गेला. ब्राझीलमध्ये त्याला संशयावरून तुरुंगात बसावे लागले. १९७९ साली आलेल्या ‘ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स’ या त्याच्या पुस्तकात अडचण आणि माणूस हे जोडीने येतात. गाडी अडली की कोणीतरी पुढे होतो, आणि लेखक त्याच्याकडे नीट पाहतो. विशेष म्हणजे सत्तरीच्या उंबरठ्यावर, २००१ साली, तो त्याच मार्गाने पुन्हा निघाला. पूर्वी भेटलेल्यांचे काय झाले, हे त्याला पाहावयाचे होते. त्या दुसऱ्या फेरीवरही त्याने पुस्तक लिहिले. प्रवासवर्णनकार परत जातो, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. ज्या वाटेने पुन्हा जावयाचे नाही, तिच्याविषयी मनुष्य काहीही लिहू शकतो.

येथे एक आक्षेप संभवतो. आजच्या स्वाराची गाडी मोडत नाही, हा काय त्याचा दोष? निश्चितच नाही. परंतु साहित्यावर त्याचा परिणाम होतो आणि तो समजून घ्यावयास हवा. आमच्या काळी या भागात मैसूरला तयार होणाऱ्या येझदी गाड्या पुष्कळ होत्या. दोन स्ट्रोकचे इंजिन, पेट्रोलमध्ये मापून ऑइल मिसळावयाचे. लांब उतारावर मूठ पूर्ण मिटून गाडी सोडली तर पेट्रोलबरोबर जाणारे ऑइलही थांबते आणि इंजिन कोरडे पडते. म्हणून अणशी उतरताना मधूनमधून मूठ फिरवीत राहावे लागे. किक आणि गिअर यांचा दांडा एकच. पावसात पॉइंटमध्ये पाणी शिरले की गाडी जागच्या जागी बंद. १९९६ साली तो कारखानाच बंद झाला. पुढे चार स्ट्रोकच्या गाड्यांनी रस्ते व्यापले. २०१९पासून सव्वाशे सीसीवरील गाड्यांना चाक घसरू न देणारे ब्रेक सक्तीचे झाले आणि २०२०च्या नव्या प्रदूषण-मानकांनंतर कार्ब्युरेटर जाऊन इंधन सोडण्याचे कामही विजेवर गेले. चालकाच्या जिवाच्या दृष्टीने हे सर्व उत्तम झाले. पण आता स्वाराला वाटेत कोणाची गरज पडत नाही. पाणी, खाणे, तंबू, हवा भरण्याचे यंत्र, नकाशा, सारे त्याच्यापाशी असते. ज्याला कशाचीच गरज नाही, त्याला माणसे भेटत नाहीत. तो रस्त्यावरून जातो, गावातून जात नाही. ‘रस्त्यावर कोणीही नव्हते’ हे वाक्य अशा प्रवासातून आपोआप उमटते.

या वाक्यातले ‘कोणी’ कोण होते, हे आता सांगितले पाहिजे. अणशी व कुंभारवाड्याच्या आतल्या अंगाला कुणबी समाजाची छोटी छोटी गावे आहेत. पोर्तुगीज अमलातून निसटून त्यांचे पूर्वज गोव्याकडून आले, असे त्यांच्यात परंपरेने सांगतात. त्यांच्या परसांत पिकणाऱ्या नाना जातींच्या कंदांचा आता जोयड्यात मेळा भरतो. गोव्यात कुणबी समाजाला २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. घाटाच्या या बाजूचे त्यांचे भाऊबंद तीच मागणी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. कोल्हापूर-साताऱ्याकडून म्हशी हाकीत आलेले धनगर गवळी आहेत, ज्यांची मराठी ऐकून आपण आपल्या आजीच्या बोलीपाशी जातो. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी त्यांच्या जीवनक्रमाचा शास्त्रीय अभ्यास केला होता. सिद्दी आहेत. उळवीच्या चन्नबसवेश्वराला माघ पौर्णिमेच्या सुमारास बैलगाड्या जुंपून येणारे हजारो यात्रेकरू आहेत. त्यांचा रस्ता या स्वाराच्या रस्त्याला कुंभारवाड्यापाशीच मिळतो.

आणि गणेशगुडीपाशी त्याने जलाशयाचे जे वर्णन केले, त्याच्या तळाशी सुपे गाव आहे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचे, तालुक्याला आपले नाव देणारे गाव. १९८७ साली पूर्ण झालेले एकशे एक मीटर उंचीचे धरण उभे राहिले, वीज निर्माण झाली, राज्याला तिचा लाभ झाला. तालुक्याची कचेरी जोयड्यास गेली आणि अनेक घरे रामनगरला. आमचे घर त्यांपैकीच. तरुण लेखकाने या पाण्याला ‘आरशासारखे निष्कलंक’ म्हटले आहे. आमच्या वडिलांनी ते पाणी पाहून मान फिरवली होती. दोन्ही दृष्टी खऱ्या असू शकतात. परंतु दुसरीची वार्ताही नसणे, ही वर्णनातली उणीव आहे. ती सहृदयतेची म्हणण्यापेक्षा माहितीची आहे. चांगल्या गद्याला माहितीचे वावडे नसते.

हे एवढे लिहून आम्ही थांबलो असतो, तर समीक्षकाचे काम पुरे झाल्यासारखे वाटले असते. तसे ते झालेले नाही. कारण आमच्या स्वतःच्या हातचा एक मजकूर आमच्या कपाटात आहे, आणि हाच निकष त्यालाही लावणे भाग आहे.

१९९३ सालच्या जुलै महिन्यात आम्ही सरकारी फिरतीवर आमच्या येझदीवरून एकटेच कारवारहून जोयड्याकडे निघालो होतो. अणशीच्या अलीकडे पावसाने झोडपले आणि पॉइंट भिजून गाडी बंद पडली. अंधार पडू लागला होता. जळवा पायांवर चढत होत्या. रस्त्याच्या वरच्या अंगाने कंदील घेऊन एक वयस्क कुणबी गृहस्थ उतरले. त्यांनी काही न विचारता गाडी ढकलू लागण्यास हात लावला. त्यांच्या घरी आम्हांस कोरडे धोतर आणि घोंगडी मिळाली. गुळाचा कोरा चहा, मग उकडलेले कंद व नाचणीची भाकरी. घरच्या बाईंनी चुलीच्या निखाऱ्यांशेजारी आमचा प्लग आणि पॉइंटचे झाकण रात्रभर वाळत ठेवले. सकाळी गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. आम्ही पैसे पुढे केले. त्या गृहस्थांनी हात मागे घेतले आणि पुढच्या वळणावर माती खचली आहे, जपून जा, एवढेच सांगितले.

त्या दिवसाची आमची फिरतीची दैनंदिनी आजही आमच्यापाशी आहे. तिच्यात नोंद आहे : ‘वाहन नादुरुस्त. मुक्काम अणशी.’ पाच शब्दही नाहीत. त्या रात्रीचा मुक्काम भत्ता मात्र नियमाप्रमाणे मागितला होता, आणि तो आम्हांस मिळाला. ज्यांनी एक पैसा घेतला नाही त्यांच्या घरचा मुक्काम आमच्या खात्यावर जमा झाला. दैनंदिनी हे साहित्य नव्हे, असा बचाव आम्ही करू शकतो. परंतु त्यानंतरच्या तीस वर्षांत आम्ही या पत्रिकेत व अन्यत्र निबंध लिहिले, घाटावर लिहिले, पावसावर लिहिले. त्या घरावर एक ओळ लिहिली नाही. ‘रस्त्यावर कोणीही नव्हते’ हे वाक्य त्या तरुणाने आज लिहिले. आम्ही ते १९९३ सालीच लिहून ठेवले होते.

निवृत्तीनंतर एकदा त्या जागी गेलो. रस्ता रुंद झाला आहे. वर चढून पाहिले तर घराचा चौथरा होता, तुळशीवृंदावन होते आणि फणसाचे झाड होते. हा परिसर १९८७ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला, २००७ साली व्याघ्र प्रकल्पात आला आणि २०१५ पासून त्याला काळी नदीचे नाव मिळाले. आतल्या काही कुटुंबांनी स्वेच्छा पुनर्वसनाची रक्कम घेऊन बाहेर वस्ती केली आहे. हे घर त्यांतलेच, असे खालच्या दुकानदाराने सांगितले. वाघाला जागा हवी आणि जंगल राखले पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण तेथे उभे असताना ध्यानात आले की आता त्या घराचा पुरावा आमच्या आठवणीखेरीज फारसा उरलेला नाही, आणि ती आम्ही कोठेही नोंदविलेली नाही.

या संदर्भात एका जुन्या गोष्टीची आठवण होते. १८८३ साली तरुण रवींद्रनाथ टागोर कारवारला आपल्या न्यायाधीश बंधूंकडे राहिले होते. चांदण्या रात्री ते काळी नदीतून होडीने वर गेले होते, आणि ‘प्रकृतीचा प्रतिशोध’ हे नाटक त्यांनी याच मुक्कामात लिहिले. जगाशी असलेले सर्व पाश तोडून एकटेपणात मुक्ती शोधणारा एक संन्यासी त्यात आहे. एका अनाथ मुलीची माया त्याला माणसांत ओढून आणते. आपल्या नदीच्या मुखाशी लिहिले गेलेले हे नाटक एकट्या प्रवाशांनी अवश्य वाचावे, असे आम्हांस वाटते. एकटे जाण्याला त्यात विरोध नाही. एकटेपणाने सारे आटोपते या समजुतीला विरोध आहे.

मग एकट्या स्वाराने लिहावे तरी कसे? नियम घालून देण्याचा आमचा अधिकार नाही. तीन गोष्टी मात्र सुचवाव्याशा वाटतात. पहिली, गाडी मोडण्याची वाट न पाहता थांबावे. जेथे पाणी प्यालो, तेथल्या माणसाचे नाव विचारावे आणि लिहावे. दुसरी, वळणांना विशेषण देण्यापूर्वी त्यांना नाव आहे काय हे पाहावे. आपल्या घाटांतल्या वळणांना, ओहोळांना, खडकांना जुन्या माणसांच्या तोंडी नावे आहेत, ती कोणत्याही नकाशात नाहीत. तिसरी, एकदा लिहिल्यावर त्याच वाटेने पुन्हा जावे. पहिल्या खेपेला डोळे दिपलेले असतात. दुसऱ्या खेपेला दिसू लागते.

ही समीक्षा लिहून झाल्यावर आम्ही त्या तरुणाला घरी बोलावले आणि त्याच्या हस्तलिखिताच्या समासात पेन्सिलीने काढलेले प्रश्न दाखविले. तो न रागावता वाचत राहिला. मग आमची १९९३ सालची हकीकत त्याने पूर्ण ऐकून घेतली आणि विचारले, “काका, त्यांचे आडनाव काय?”

आम्हांस सांगता आले नाही. एक रात्र ज्यांच्या घोंगडीत निजलो, त्यांना आम्ही नाव विचारले नव्हते. कचेरीतले आमचे नाव व हुद्दा मात्र त्यांना जाताना आवर्जून सांगून आलो होतो.

पाऊस ओसरल्यावर, दिवाळीनंतर, पुनर्वसित वस्तीत जाऊन विचारपूस करावयाची असे ठरले आहे. फणसाचे झाड आणि घाटाच्या वरच्या अंगाचे घर एवढ्या खुणेवर कोणी ओळखेल किंवा ओळखणारही नाही. ते गृहस्थ आता हयात असतील अशी आशा कमीच. गाडी तो चालवील, आम्ही मागे बसू. आपल्या वाचकांपैकी कोणास त्या घराची माहिती असल्यास मंडळाकडे कळवावी, ही विनंती.